ओसरी गेली आणि चाक आलें

गेल्या आषाढांत एका सुशिक्षित स्नेह्यांच्या नव्या घरीं जाण्याचा योग आला. दार उघडतांच समोर गेरूच्या रंगाची भिंत, तिच्यावर पांढऱ्या वारली आकृत्या, खालीं पितळेचें घंगाळ, त्यांत तरंगणारीं फुलें आणि बाजूस टेकून ठेवलेलें बैलगाडीचें चाक! हा सर्व थाट 'गांवाकडच्या घराचा' आहे, असें यजमानांनीं मोठ्या कौतुकानें सांगितलें. आमच्या छत्रीचें पाणी मात्र गुळगुळीत फरशीवर ठिबकत होतें. ती कोठें ठेवावी, जोडा कोठें बसून काढावा, चिखलाचे पाय कोठें पुसावे, यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर त्या थाटांत नव्हतें. अखेर छत्री स्नानगृहांत गेली आणि जोडे दाराबाहेरच्या सामाईक वाटेंत राहिले.

आमचें म्हणणें असें कीं, हें अनुकरण खेड्यांतील घराचें नसून खेड्याच्या चित्राचें आहे. त्या घराचें प्रवेशस्थान कोणी शोभेसाठीं रचिलें नाहीं. तें पावसानें आणि चिखलानें रचिलें. रत्नागिरीकडे वर्षाकाठीं २,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. तेथील जुनें घर पाहावें. सारवलेलें खळें, जांभ्याच्या पायऱ्या, पायरीशीं पाण्याचें भांडें, मग उतरत्या छपराखालची पडवी आणि तिच्यापुढें ओटी. चिखल खळ्यांत राही, पाय पायरीवर धुतले जात, इरलें व घोंगडी पडवींत खुंटीला लागे. ओटीवर येई तो कोरडा माणूस. जांभा खरबरीत व सच्छिद्र, त्यामुळें ओला पाय त्यावर सहसा घसरत नाहीं. देशावरच्या वाड्यांत हेंच काम निराळ्या रीतीनें होई. दिंडीदरवाजा, आंत दोहों बाजूंस देवड्या, पुढें चौक आणि मग ओसरी. बाहेरचें जग एकदम घरांत शिरत नसे. तें पायरीपायरीनें येई. त्या घरांचें सौंदर्य या क्रमांत होतें. लग्नप्रसंगीं भिंतीवर तांदळाच्या पिठानें काढलेला चौक हा वारल्यांच्या विधीचा भाग आहे. त्याची नक्कल करून छत्रीची सोय होत नाहीं.

यावर ठरलेलें उत्तर येतें: 'शहरांत जागा कोठें आहे?' हा आक्षेप आम्ही मानीत नाहीं. जपानांतील शहरी घरें आमच्याहून ऐसपैस आहेत असें नाहीं. तरी तेथील लहानशा बिऱ्हाडांतहि दाराशीं 'गेन्कान' असतें. तेथील जमीन आंतील जमिनीहून थोडी खालीं. जोडे तेथेंच सुटतात, आणि ती पायरी ओलांडली म्हणजे घर सुरू होतें. आमच्या येथें ४ फूट लांब व ४ फूट रुंद जागा पुरे. चाकानें तितकी अडविलीच आहे. तेथें खरबरीत शहाबादी फरशी घालावी, ती दोन इंच खालीं घ्यावी, आणि तें शक्य नसेल तर दगडी पट्टीची कड बांधावी. १६ ते १८ इंच उंचीचें साधें लांकडी बांक ठेवावें, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या आजीला भिंत धरून जोडा काढावा लागणार नाहीं. त्याखालीं फटींचें फडताळ असावें. बंद कपाटांत ओल्या चामड्यास बुरशी येते. खुंट्या मोठ्यांच्या उंचीवर दोन, मुलांच्या उंचीवर दोन. आणि पायांशीं काथ्याचें पायपुसणें. पितळेचें घंगाळ टाकूं नये. फुलें काढून त्यांत छत्र्या उभ्या कराव्या.

कोणी म्हणेल, हे जुन्याचे गोडवे झाले. तसें नाहीं. ओटीचा दुसरा चेहराहि आम्हांस ठाऊक आहे. कोणी ओटीवर बसावें, कोणी पायरीशीं थांबावें आणि कोणी खळ्याबाहेरूनच हांक मारावी, हें जातीच्या हिशेबानें ठरलेलें असे. ज्या पायरीनें चिखल अडविला, तिनेंच माणूसहि अडविला. १९५० सालीं अंमलांत आलेल्या संविधानानें अस्पृश्यता नष्ट केल्याचें जाहीर केलें. आणि आजच्या आमच्या चकचकीत दारांत काय घडतें? भर पावसांत आमचे जिन्नस घेऊन आलेला मुलगा सामाईक वाटेंत निथळत उभा राहतो. 'आंत ये, घोटभर पाणी घे' असें म्हणावयास आमच्यापाशीं जागा नाहीं, आणि फरशी खराब होईल ही धास्ती मात्र आहे. ओटीचा उपयोग आम्हीं टाकला. तिचा भेदभाव तेवढा जपून ठेवला!

म्हणून घर सजविणारांस आमचें इतकेंच मागणें आहे. गांवाकडून कांहीं आणावयाचेंच असेल, तर चाक आणूं नका, पायरी आणा. आणि ती आणतांना तिच्यावरचा पहारा मागें ठेवा. ओल्या माणसास संकोच न वाटतां उभें राहतां येईल अशी चार फूट जागा ज्या घरांत आहे, त्या घरास दुसऱ्या शोभेची गरज नाहीं.