कंटाळून गेलेल्यांची नोंद

‘साईट चालू आहे’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तडकतं. डेटाबेस सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे ते बैठकांत सतत कानावर पडतं. अपटाइम ९९.९ टक्के, चला, पुढचा विषय.

जूनमध्ये भाचीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एका सेवा केंद्रात गेले होते. बाहेर बारावीच्या पोरांची रांग, आत ऑपरेटर पडद्यावर फिरणाऱ्या गोलाकडे बघत बसलेला. ओटीपी आला, पण तो टाकायचं पान उघडेपर्यंत त्याची मुदत संपली. ‘ताई, उद्या सकाळी लवकर या, तेव्हा जरा पळतं.’ अहवालाच्या भाषेत साईट त्या वेळीही चालूच होती.

अहवालात वेळ आलीच तर सरासरी येते. समजा, शंभरातल्या ९५ जणांना अर्ध्या सेकंदात उत्तर मिळालं आणि पाच जण ४० सेकंद ताटकळले. सरासरी निघते अडीच सेकंदांच्या आत. तेवढा वेळ प्रत्यक्षात कुणालाच लागलेला नाही! इथे बघायला हवा ९९वा पर्सेंटाइल, आणि सीईटीमुळे पर्सेंटाइल आता घरोघरी कळतो. तो सरळ ४० सेकंद दाखवतो.

त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. एनजिनएक्स हा सर्रास वापरला जाणारा वेब सर्व्हर. उत्तर जाण्याआधीच समोरच्याने पान बंद केलं, तर तो लॉगमध्ये ४९९ असा आकडा टाकतो. पण ४ने सुरू होणारे आकडे वापरणाऱ्याच्या खात्यावर धरायची रीत आहे, त्यामुळे सर्व्हरच्या चुका मोजताना ते सहज गळतात. म्हणजे जो सगळ्यात जास्त वैतागला, तोच हिशेबातून बाद. डेटाबेसमध्येही तीच तऱ्हा. मायएसक्यूएलमध्ये संथ क्वेरींची नोंद मुळात बंदच असते, आणि चालू केली तरी मर्यादा न बदलल्यास १० सेकंदांहून कमी वेळ घेणारं काहीच संथ ठरत नाही.

आपल्याकडे २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला किती दिवसांत द्यायचा, हे त्यामुळे ठरलेलं असतं. पण ते दिवस मोजायला सुरुवात होते अर्ज दाखल झाल्यावर. अर्ज दाखलच होऊ न देणारा गोल कुठल्या मुदतीत बसवायचा? सेकंदांची मुदत घालणं अशक्य नाही. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने जून २०२५मध्ये पेमेंट विनंतीला उत्तर देण्याची मुदत ३० सेकंदांवरून १५वर आणली, व्यवहाराची स्थिती तपासण्याची १०वर. तिथे पैसे अडकतात म्हणून सेकंद मोजले जातात. इथे पोरांचे प्रवेश अडकतात.

म्हणून प्रत्येक सरकारी सेवेने तासागणिक ९९वा पर्सेंटाइल जाहीर करावा आणि त्याच्या शेजारी ४९९ची संख्या छापावी. महिन्याची गोळाबेरीज नको, तिच्यात जूनमधली सकाळी अकराची वेळ बुडून जाते. प्रत्येक अर्जाला एक ओळखक्रमांक देऊन तो ओटीपी, पेमेंट, जिल्ह्याचा सर्व्हर अशा सगळ्या टप्प्यांवर नोंदवला, की ‘आमच्याकडे सगळं हिरवं आहे’ हे प्रत्येकाचं पालुपदही थांबेल. फक्त त्या नोंदींत कुणाचा आधार क्रमांक ओतू नका. हेही सांगावं लागतं.