कपाटाच्या पाठीला वारा हवा

श्रावणात कपाट उघडलं की कुबट वास येतो, रेशमी साडीच्या घडीवर पांढुरके ठिपके दिसतात, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट थर चढलेला असतो. मग डांबर गोळ्या आणल्या जातात. त्या कसरीसाठी ठीक आहेत, पण बुरशीवर त्यांचा भरवसा नाही. एका वासावर दुसरा वास चढतो, इतकंच. दोष कपड्यांचा नसतोच. आपण वॉर्डरोब भिंतीला चिकटवून, जमिनीला टेकवून ठोकतो, खरी गोम तिथे आहे.

हिशेब सोपा आहे. पावसाळ्यात खोलीत २६ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता ही नाशिकला नवलाची गोष्ट नाही. बाहेरून भिजलेली भिंत दोनच अंशांनी थंड असली, तरी तीच हवा भिंतीपाशी पोचली की तिची आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते. ८० टक्क्यांच्या वरची ओल काही दिवस टिकली की बुरशी रुजते. तिच्या पोटाला प्लायवूड, धूळ, कपड्यांची खळ असतेच. पंख्याचा वारा लागणारी भिंत सुकते, वॉर्डरोबमागची सुकत नाही. म्हणून पहिले ठिपके बहुधा पाठीच्या फळीवर, तळच्या कोपऱ्यात उमटतात.

हे शास्त्र आपल्या जिल्ह्याला नवं नाही. लासलगाव-निफाडकडचा शेतकरी उन्हाळ कांदा चाळीत भरतो तेव्हा तळाशी दीड-दोन फूट मोकळं सोडतो, बाजूंना फटी ठेवतो आणि ढीग फार रुंद होऊ देत नाही. कांदा तरीही थोडा सडतो, पण बंद खोलीत कोंबून ठेवायचा वेडेपणा कोणी करत नाही. पायांवर उभं राहणारं जुनं लोखंडी कपाटही भिंतीपासून जरा सुटलेलं असायचं.

यावर कोणी म्हणेल, नाशिक म्हणजे काही इगतपुरी नव्हे. खरं आहे, तिथे पाऊस ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो, शहरात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण बुरशीला एकूण पावसाशी देणंघेणं नाही. आठवडाभराची झड पुरते. दुसरा आक्षेप जागेचा. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये मागे जागा सोडायची कुठून? दोन इंच पुरतात. बसवून झालेल्या वॉर्डरोबच्या दारांना वर-खाली जाळ्या बसवता येतात, तळचा कप्पा रिकामा ठेवता येतो. पावसाच्या दिवसांत खिडकी उघडून हवा कोरडी होत नाही, हेही मान्य. म्हणून दारं उघडी टाकून तासभर पंखा लावावा. ओलावा शोषणारे डबे बंद कप्प्यात थोडं काम करतात, पण भिंतच पाझरत असेल तर ते किती पुरे पडणार?

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: लोकच अर्धवट वाळलेले कपडे कपाटात ठेवतात. ठेवतातच, आणि ठेवू नयेत. पण एवढ्यावर बोळवण करणं धोक्याचं आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेलला डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. घर भाड्याने देणाऱ्या संस्थेने दोष कुटुंबाच्या राहणीवर टाकला होता. २०२२ च्या चौकशीत मृत्यूचं कारण घरातली बुरशी ठरलं आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. आपल्याकडेही २०१६ च्या रेरा कायद्यानुसार, ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

भिंतीतल्या ओलीचा पुरावा मात्र ऋतूबरोबर नाहीसा होतो. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळते, दिवाळीला पुट्टी-रंग चढतो आणि पुढच्या आषाढात पोपडे पुन्हा सुटतात. म्हणून ओल दिसते आहे तोवरच वॉर्डरोब रिकामा करून भिंत पाहावी, फोटो काढावेत, बाहेरची चीर किंवा पलीकडच्या बाथरूमची गळती शोधावी आणि तक्रार लेखी द्यावी. रंगाऱ्याला बोलवायचं ते गळती बंद झाल्यावर.