मज्जारज्जूची दुखापत आणि मूलपेशींचा बाजार

डिलाईल रोडची बीडीडी चाळ म्हणजे एका खोलीचा संसार, जिना आणि मजल्यावरचे सामायिक संडास. दहीहंडीच्या थरावरून किंवा लोकलमधून पडून मज्जारज्जूला मार बसलेल्या तरुणाची व्हीलचेअर इथे फिरवायची कशी? अशा घराला कुणी ‘मूलपेशींनी पोरगा चालू लागेल’ असे सांगितले, तर दागिने मोडायला वेळ लागत नाही. त्या आशेला कुणी हसू नये. तिच्यावर गल्ला भरणाऱ्यांना मात्र जाब विचारायला हवा.

संशोधन खोटे नाही. जपानच्या केओ विद्यापीठात आयपीएस पेशींपासून तयार केलेल्या चेतापेशींच्या पूर्वपेशी चार रुग्णांच्या मज्जारज्जूत सोडण्यात आल्या. मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. दोघांत सुधारणा दिसली, त्यातला एक जण आधाराशिवाय उभा राहू लागला. पण रुग्ण चारच होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय दुखापतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सूज उतरून आणि व्यायामाने थोडी सुधारणा एरवीही होते. नेमक्या याच सुधारणेचे श्रेय दुकानदार आपल्या इंजेक्शनला देतात.

धोकाही खराच. नाकातल्या पेशी मज्जारज्जूत बसवून घेतलेल्या एका तरुणीच्या पाठीत आठ वर्षांनी गाठ वाढली, असे २०१४ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी नोंदवले. त्या गाठीत नाकासारखाच चिकट स्राव साठत होता.

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही ठरावीक आजारांमधील प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीतच करता येतो, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणजे कसोटी सोपी आहे: बिल हातात पडले, तर ती चाचणी नव्हे. चाचणीची नोंदणी आणि नीतिसमितीची मंजुरी मागावी. ‘नोंदणी आहे’ याचा अर्थ ‘गुण येतो’ असा मात्र नाही.

हेच पैसे कुठे लागतात, हे रुग्णाच्या आईला विचारावे. हवेची गादी, लघवीची नळी, नियमित फिजिओथेरपी, योग्य मापाची खुर्ची. मज्जारज्जूच्या रुग्णाचा जीव बहुधा जखमेतल्या आणि मूत्रमार्गातल्या जंतुसंसर्गाने धोक्यात येतो, आणि तो टाळता येतो. हाजीअलीची १९५५ पासूनची केंद्रीय पुनर्वसन संस्था इथून जवळच आहे. तिथवर नेणारी गाडी आणि घरी येणारा फिजिओथेरपिस्ट पालिकेने पुरवला, तर जाहिरातीतल्या चमत्काराचे गिऱ्हाईक आपोआप कमी होईल.