संध्याकाळी पळणाऱ्या पोरांना आणि पोरींना मैदान कधी मिळणार?

मित्रांनो, पोस्ट जरा मोठी आहे, पण भरतीची तयारी करणारं कुणी घरात असेल तर पूर्ण वाचा.

आपल्याकडे पळणं म्हणजे पहाटेचं. चार वाजता गजर, साडेचारला रस्त्यावर. संध्याकाळी पळणारा दिसला की म्हातारी माणसं विचारतात, "सकाळी झोपला होतास व्हय?" पण गेल्या काही वर्षांत चित्र बदललंय. बरीच पोरं एमआयडीसीत पहिल्या पाळीला लागलीत. कंपनीची बस सहाला येते, साडेतीन-चारला सुटी होते. ही पोरं पहाटे पळणार कधी? बारा हजारांची नोकरी सोडून अकॅडमीची फी भरायची ऐपत प्रत्येकाच्या घरी नसते. मग सवय सकाळची आणि पळायचं संध्याकाळी, असा सांधा बदलावा लागतो.

आणि हा बदल सोपा नाही. पहिले दोन आठवडे पाय दगडासारखे वाटतात. आठ तास मशीनवर उभं राहिलेलं शरीर, पोटात दुपारचा भात, डांबर अजून तापलेलं. सकाळी १६०० मीटर आरामात काढणारा पोरगा संध्याकाळी तिसऱ्या फेरीला थांबतो आणि म्हणतो, आपल्याला जमायचं नाही. खरं तर उलट आहे. शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात कमी असतं आणि दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत सगळ्यात जास्त. स्नायू आधीच मोकळे असतात, म्हणून वेगाचा सराव संध्याकाळी चांगला होतो. अडचण असते ती खाण्याची, पाण्याची आणि दिवसभराच्या थकव्याची. जेवण आणि पळणं यात तीन तास तरी पाहिजेत. मधे चारच्या सुमारास एखादं केळं किंवा गूळ-चपाती पुरते. गेटवरचा वडापाव खाऊन आलात तर तो दुसऱ्याच फेरीत आठवण करून देतो. पाणी दिवसभर प्यायचं, पळायच्या आधी तांब्याभर ढोसायचं नाही. पहिला आठवडा घड्याळ बघूच नका, बोलता येईल एवढ्याच दमानं पळा. आणि रात्री उशिरा जोरात पळू नका, झोप उडते. सकाळी सहाची बस कुणासाठी थांबत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. भरतीची मैदानी चाचणी बहुतेक ठिकाणी भल्या सकाळीच सुरू होते. म्हणून तारीख आली की आधीचे दोन-तीन आठवडे पाळी बदलून घ्या, नाहीतर सुटीच्या दिवशी तरी पहाटे पळा. संध्याकाळची सवय झालेलं शरीर सकाळी साडेपाचला एकदम उठून जोर लावत नाही.

आता मुद्द्यावर येतो. पोरं आपल्या बाजूनं सगळं करतील, पण पळायचं कुठे?

आपल्या तालुक्याचं मैदान संध्याकाळी सातला बंद होतं. थंडीत सहाला अंधार पडतो. घरी येऊन, गुराढोरांचं बघून, धार काढून डेअरीला दूध घालेपर्यंत सात वाजतातच. म्हणजे कुलूप बघायलाच जायचं. खांबांवर दिवे आहेत. ते कुणाच्या तरी वाढदिवसाच्या नाईट क्रिकेटला रात्री बारापर्यंत जळतात, तेव्हा वीजबिलाचा प्रश्न निघत नाही. भरतीच्या पोरांनी तासभर मागितले की मात्र "तशी तरतूद नाही". ही तरतूद टेनिस बॉलसाठी कुठून येते, हे एकदा जाहीर सांगावं.

मग पोरं रस्त्यावर पळतात. नोव्हेंबर ते मार्च आपल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा हेडलाइट डोळ्यावर. पळणाऱ्यांना वाहनानं उडवल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. आपल्या गावाचं नाव त्यात यायची वाट बघायची आहे का?

पोरींचं तर आणखी अवघड. त्यांना ८०० मीटर आहे, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर दोन फेऱ्या. पण ट्रॅकच बंद असेल तर अंधारात कोणती आई मुलीला रस्त्यावर पाठवेल? माझ्या ओळखीतल्या दोघींनी कंपनीत लागल्यावर पळणं सोडलं. एकीचा गोळा उत्तम जातो, लेखीचा अभ्यासही पक्का आहे. मैदानीचे ५० गुण, त्यातले २० एकट्या ८०० मीटरचे, आणि तिथेच ती मागे पडणार. २०२४ च्या भरतीत १७ हजारांवर जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांच्या वर. तिथं एकेका मार्कावर नाव खाली जातं.

दिवाळीला फ्लेक्सवर "तरुणांचे आशास्थान" लिहिणारे बरेच आहेत. त्यांच्याकडे नवीन स्टेडियम कुणी मागत नाही. संध्याकाळी साडेसात ते नऊ मैदान उघडं, चारच खांबांचे दिवे चालू, गेटवर एक माणूस, आणि पोरी असतील त्या वेळेत बीटवरच्या पोलिसाची एक चक्कर. वीजबिलासाठी महिन्याला माणशी पन्नास रुपये द्यायला पोरं तयार आहेत, मी विचारलंय. शिवाय शुगरवाले काका-काकू सध्या बायपासच्या कडेनं चालतात, त्यांचीही सोय होईल.

सोमवारी सकाळी अकराला तहसीलदार साहेबांना निवेदन द्यायचं आहे. पहिल्या पाळीची पोरं येऊ शकणार नाहीत, म्हणून त्यांच्या सह्या शनिवारी संध्याकाळी मैदानाच्या गेटवर घेऊ. ज्यांच्या मुली तयारी करतायत त्या पालकांनी स्वतः यावं, त्यांच्या शब्दाला तिथं जास्त वजन राहील. आणि ट्रॉलीवाल्या भावांनो, रिफ्लेक्टरची पट्टी फार महाग नसते, तेवढी आजच लावून घ्या.