मुख्याध्यापक बाईंचा आठवडा

“जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतच नाहीत,” असे आपण सहज बोलून जातो. पण तिथल्या बाईंचा जून महिन्यातला एक आठवडा तरी पाहावा, असे आम्हांला वाटते. सोमवारी पहिलीचे प्रवेश. जनरल रजिस्टरात नाव, जन्मतारीख, जात बिनचूक लिहायची. मंगळवारी पोषण आहाराचा तांदूळ मोजून घ्यायचा. पाचवीपर्यंत मुलामागे रोज १०० ग्रॅम. बुधवारी केंद्रावर बैठक. गुरुवारी ऑनलाइन माहिती भरायची. शुक्रवारी गैरहजर मुलांच्या घरी जायचे. शिवाय स्वतःचा वर्ग आहेच!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक शाळेला वेगळा मुख्याध्यापक १५० च्या वर पट असेल तरच आहे. ६० पर्यंत पटाला शिक्षक दोनच. एक बैठकीला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. नुकसान आपल्या लेकरांचे.

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के जागा पालकांना आणि एकूण निम्म्या जागा महिलांना दिल्या आहेत. पण सभेला जातो कोण? रोजी बुडते, हे आम्ही जाणतो. म्हणून वस्तीतल्या पालकांनी पाळी लावावी. या महिन्यात किती दिवस वर्ग शिक्षकाविना राहिला, ते विचारावे. जनगणना, निवडणूक व आपत्ती निवारण सोडून शाळेबाहेरचे काम शिक्षकांना लावता येत नाही (कलम २७). तसे होत असेल तर ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा.

भगिनींनो, बाई एकट्या बोलल्या तर ती तक्रार ठरते. आपण बोललो तर तो हक्क असतो.