मातृभाषेचा रकाना

गेल्या पालकसभेत मराठी वर्गांच्या पटसंख्येचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे चर्चा एका वाक्यावर थांबली: "सरकारला हे कळायला पाहिजे." सरकारला आपोआप काही कळत नाही, असे आमचे मत आहे.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातून राजुरा आणि किनवटचा भाग मुंबई राज्यात गेला. आपले वाडवडील इकडेच राहिले. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने दोन कलमे आली. ३५०-अ म्हणते, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा. ३५०-ब ने त्यावर लक्ष ठेवणारा विशेष अधिकारी दिला. १९५७ मध्ये निवृत्त मुख्य न्यायमूर्ती बी. मलिक हे पहिले आयुक्त झाले.

हे कार्यालय म्हणजे कोर्ट नव्हे. येथे निकाल लागत नाही. राज्याकडून माहिती मागवायची, ती कायद्याशी ताडून पाहायची आणि राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा. तो संसदेपुढे जातो. याला दात नाहीत असे लोक म्हणतात. ते बरेचसे खरेही आहे. 'प्रयत्न' हा शब्द मुळातच सैल! पण त्याच कलमात राष्ट्रपतींना राज्यास निर्देश देण्याचा अधिकार आहे, आणि अहवालात तेच येते जे कोणीतरी आकड्यांनिशी लिहून कळवलेले असते.

आकडा म्हणाल तर तोही जुनाच आहे. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असतील तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा, असे १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेत ठरले होते. आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे?

दहावीनंतर डॉक्टर-इंजिनिअरशिवाय आपल्याला काही सुचत नाही. वकील म्हटले की तालुका कोर्टातला काळा कोट. दिल्लीच्या कार्यालयात बसून कलमे आणि परिपत्रके वाचणे ही देखील वकिलीच. इंदापूरचे ह. वि. पाटसकर केंद्रात कायदेविषयक खात्याचे मंत्री होते. आंध्र-मद्रास सीमेचा वाद त्यांनी गाव हा घटक धरून, गावातील बहुसंख्यांची भाषा पाहून मार्गी लावला. तेथेही आधार आकड्यांचाच. आपल्या शाळेतून असा एकजण तरी घडावा.

तूर्त एवढेच करावे. प्रवेश-अर्जात मातृभाषेचा रकाना ज्यांनी कोरा ठेवला आहे, त्यांनी दिवाळीच्या सुटीआधी शाळेत येऊन तो भरावा. कोठेही अर्ज दिल्यास पोच घ्यावी आणि एक प्रत शाळेकडे ठेवावी.