धुकं, घाट आणि टाइमशीट

परवा शनिवारी चिखलदऱ्याला गेलो. परतवाड्यात जीपवाल्याला विचारलं, किती वेळ लागेल? "एक तास. पण वर धुकं असलं त काई सांगता नाई येत, भाऊ." पावणेदोन तास लागले. उशीर झाला म्हणून कोणी त्याचे पैसे कापले नाहीत.

आमच्या स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये 'धुकं' म्हणायची सोय नाही. स्टोरी पॉइंट म्हणजे कामाच्या अवघडपणाचं माप. मॅनेजर लगेच त्याचे तास करतो. (ही कल्पना ज्यांच्या नावावर सांगतात त्या रॉन जेफ्रीजनी २०१९ मध्ये चक्क दिलगिरी व्यक्त केली होती!)

पण खरी लबाडी टाइमशीटमध्ये. टीममधली एक ज्युनिअर रोज ११ तास बसते आणि ८ भरते. जास्त भरले तर 'स्लो' ठरू, ही भीती. मी लीड. मला दिसत होतं, पण चार्ट छान दिसत होता, म्हणून गप्प बसलो. मग पुढच्या रिलीजचा अंदाज त्याच ८ तासांवरून निघाला, आणि रात्री परत तीच बसली.

तास मोजा हो, जरूर मोजा. फक्त तो आकडा अप्रेझलच्या खोलीत न्यायचा नाही.

सोमवारी तिला ११ भरायला सांगणार आहे. मॅनेजरला काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.